तुम्ही विचारलंत म्हणून : ऑडिटचे पुरावे आपोआप गोळा करता येतील का?

हिंजवडी असो, बाणेर असो की खराडी, अमेरिकन ग्राहकाने सॉक २ टाइप २ रिपोर्ट (कंपनी ग्राहकांचा डेटा नीट सांभाळते का, यावरचा बाहेरच्या ऑडिटरचा अहवाल) मागितला की हा प्रश्न येतोच : ऑडिटच्या तोंडावर सगळी टीम स्क्रीनशॉट काढत बसते, ते काम स्क्रिप्टवर टाकता येईल का?

बरंचसं येईल. पण स्क्रीनशॉटचा त्रास वाचणं हे त्याचं मुख्य कारण नव्हे. टाइप १ मध्ये ऑडिटर एका तारखेची स्थिती पाहतो. टाइप २ मध्ये ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण तीन ते बारा महिने, कंट्रोल, म्हणजे सुरक्षेसाठी ठरवलेला नियम किंवा तपासणी, खरोखर चालला का हे पाहतो. मार्चमधला पुरावा मार्चमध्ये जपला नाही, तर डिसेंबरात तो पुष्कळदा उरलेलाच नसतो. एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत कोणी काय केलं याच्या नोंदी क्लाउडट्रेल ठेवतं; त्याची इव्हेंट हिस्टरी फक्त ९० दिवस मागे जाते. त्यापुढचं हवं असेल तर वेगळा ट्रेल सुरू करून लॉग, म्हणजे या नोंदी, एस३ या एडब्ल्यूएसच्या साठवणीत ठेवावे लागतात. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहेच. म्हणून पहिलं काम स्क्रिप्ट लिहिणं नाही. प्रत्येक लॉग किती दिवस टिकतो, हे एका तक्त्यात मांडून घ्या.

मग सुरुवात नोकरी सोडून गेलेल्यांपासून करा, कारण सर्वांत जास्त गोची तिथेच होते. एचआरच्या यादीतून एम्प्लॉयी आयडी आणि शेवटचा दिवस घ्या, लॉगिन-व्यवस्थेतून खातं बंद झाल्याची वेळ घ्या, दोन्ही रोज ताडून पाहा. तुमच्या धोरणात २४ तास लिहिले असतील, तर त्यावरचं प्रत्येक नाव अपवाद म्हणून टिकिटात, म्हणजे कामांच्या नोंदीत, गेलं पाहिजे. जोडणी ईमेलवर करू नका. आडनाव बदललं की ईमेल बदलतो, आयडी बदलत नाही. आपल्याकडे नोटीस पिरियड पुष्कळदा ९० दिवसांचा असतो, बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटका) होतो, शेवटची तारीख दोन-दोनदा सरकते आणि एचआर ती मागाहून दुरुस्त करतं. त्यामुळे आजची यादी पुरत नाही, रोजची प्रत जपावी लागते. वेळेचा घोळ वेगळाच. १ एप्रिलच्या पहाटे २ वाजता बंद केलेलं खातं यूटीसीच्या, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेच्या, लॉगमध्ये ३१ मार्च, रात्री ८:३० असं दिसतं. उशीर झाला असूनही तारीख वेळेतली वाटते. आणि कॉन्ट्रॅक्टवरची माणसं एचआरच्या यादीत नसतातच. त्यांची यादी व्हेंडर सांभाळणाऱ्याकडून घ्या. डेटाबेसची थेट खाती आणि जुने आयएएम युजर (एडब्ल्यूएसमधली थेट खाती) सिंगल साइन-ऑनच्या, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच लॉगिनच्या, बाहेर राहतात, तेही तपासात घ्या. आयएएमचा क्रेडेन्शियल रिपोर्ट (या युजरच्या पासवर्ड आणि कींची स्थिती सांगणारी यादी) चार तासांतून एकदाच नव्याने बनतो. त्याआधी मागितला तर जुनाच हातात येतो, म्हणून त्यात छापलेली वेळ वाचा.

कोडमधल्या बदलांच्या मंजुरीचा पुरावा सोपा वाटतो, पण तिथे यादीच अपुरी निघते. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेची एपीआय (स्क्रिप्टने माहिती मागण्याची सोय) न सांगता एका पानाला ३० नोंदी देते, सांगितलं तर जास्तीत जास्त १००. पुढची पानं मागितली नाहीत, तर पाचशे पुल रिक्वेस्टमधल्या (कोडबदल मंजूर करण्याच्या विनंत्यांमधल्या) तीसच हाती लागतात. ऑडिटर नमुने याच यादीतून निवडतो, तेव्हा यादी पूर्ण आहे हे तुम्हालाच दाखवावं लागतं. प्रत्येक फाइलसोबत कोणती क्वेरी, कोणत्या खात्याने, किती वाजता चालवली आणि किती ओळी आल्या, हे लिहा. फाइलचा एसएचए-२५६ हॅशही ठेवा; फाइल नंतर बदलली तर हा ठसा जुळत नाही. ब्रँच प्रोटेक्शनची (मंजुरीशिवाय मुख्य कोडमध्ये बदल होऊ न देणारी) सेटिंगही याच पुराव्यात जोडा; ॲडमिनना सूट दिलेली असेल तर मंजुरीचा नियम त्यांना लागूच होत नाही.

सगळ्यांत घातक चूक मात्र आवाज न करणारी असते. टोकनची (स्क्रिप्टच्या लॉगिन-चावीची) मुदत संपते, स्क्रिप्ट रिकामी फाइल लिहिते, डॅशबोर्ड हिरवाच राहतो आणि चार महिन्यांचं भगदाड ऑडिटच्या आठवड्यात दिसतं. त्यामुळे शून्य ओळी म्हणजे बिघाड, हा नियम स्क्रिप्टमध्येच घाला. ओळींचा आकडा कालच्या तुलनेत निम्म्यावर आला तरी अलर्ट जायला हवा. स्क्रिप्टला फक्त वाचण्याचे अधिकार द्या; एडब्ल्यूएसवर तयार सिक्युरिटीऑडिट पॉलिसी आहे. साठवणीला ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीत फाइल पुसू किंवा बदलू न देणारं कुलूप) लावा, पण चाचणी गव्हर्नन्स मोडमध्येच करा; तिथे खास अधिकार असलेल्याला ते काढता येतं. कंप्लायन्स मोडमध्ये लावलेली मुदत रूट या सर्वाधिकारी खात्यालाही कमी करता येत नाही. पगार, पॅन, फोन नंबर यांचे कॉलम उचलूच नका. पुराव्याला त्यांची गरज नसते आणि ते जपण्याची जबाबदारी मात्र येते.

तिमाही ॲक्सेस रिव्ह्यूची (कोणाला कशाचा प्रवेश आहे याच्या तपासणीची) यादी स्क्रिप्ट पाठवू शकते, निर्णय माणसानेच घ्यायचा. दीडशे नावं एका मिनिटात मंजूर झाली, तर ती वेळ ऑडिटरलाही दिसते. जुलै-सप्टेंबरचा रिव्ह्यू गणपतीच्या सुट्ट्यांत हमखास मागे पडतो, तेव्हा त्या तिमाहीत पर्यायी मंजुरी देणारा आधीच नेमा. अपवादांचा आकडा दर महिन्याला रिस्क रजिस्टरमधल्या (कंपनीच्या जोखमींच्या यादीतल्या) संबंधित ओळीत जाऊ द्या. सलग तीन महिने खाती उशिरा बंद होत असतील, तर त्या जोखमीची शक्यता 'कमी' लिहिणं खोटं ठरतं.

ऑडिटची मुदत १ जानेवारीला सुरू होणार असेल तर गोळा करणं १ डिसेंबरलाच चालू करा आणि त्या महिन्याची एक फाइल ऑडिटरला दाखवून घ्या. ती त्याला चालणार नसेल, तर तुमच्याकडे बदल करायला तीन-चार आठवडे उरतात.