ट्रॉली कुजली, तरी करार पुन्हा केला

सिंकखालची ट्रॉली उघडली आणि कुबट वासाने मी दोन पावलं मागे झाले. प्लायवूड बोटाने दाबलं तर भुगा पडला. वेस्ट पाइपचा जोड कित्येक दिवस गळत होता. खालच्या फ्लॅटच्या छतालाही ओल उतरली होती.

कोथरूडचा हा वन बीएचके आईचा, भाड्याने दिलेला. ती ट्रॉली तिने हौसेने करून घेतली होती, त्यामुळे राग नुसता खर्चाचा नव्हता. भाडेकरूंचा करार संपायला महिना उरलेला. "रिकामा करून घे, दुसरे मिळतील," नवरा म्हणाला. करार नोंदवलेला होता, त्यामुळे कायदा आमच्या बाजूने होता. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने भरपाई मागता येते.

तरी आधी ताबा देतानाचे फोटो काढून बसले. खिळ्यांची भोकं, फिका पडलेला रंग, सैल झालेल्या कड्या बाजूला काढल्या. घर वापरलं की एवढं होणारच, त्याचे पैसे कापणं मला पटत नाही. उरली ट्रॉली आणि ओल. सुतार-प्लंबर मिळून १८,५०० म्हणाले.

मग भाडेकरूला विचारलं, "अगं, कळवलं का नाहीस?"

"काकू, गीझरसाठी फोन केला तेव्हा तुम्हीच म्हणालात, बारीकसारीक तुमचं तुम्ही बघा. म्हणून खाली बादली ठेवत होतो."

मी तसं म्हटलं होतं. फोनवर, घाईत.

आतापर्यंत भाडं एकदाही उशिरा आलं नव्हतं. दोन दिवस घरात वाद झाला, मग ठरलं: ट्रॉलीचा निम्मा खर्च त्यांचा, पाइप आणि खालचं छत आमचं. नव्या करारात लिहून घेतलं की गळती दिसली की दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर कळवायचं, आणि दर तीन महिन्यांनी मी आधी सांगून घर बघायला येणार. भाडं २२,००० वरून २३,०००.

तोंडी मुदत वाढवून भागवू नका. नवा करार म्हणजे नवी नोंदणी, आणि त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची. पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सातशेच्या आसपास, नोंदणी फी १,०००, वर एजंटचे पैसे. तो घरी येऊन सगळ्यांचे अंगठे घेऊन गेला.

परवा तिचा फोन आला, बाथरूमचा नळ ठिबकतोय म्हणून. लगेच प्लंबर पाठवला. खालच्या छताला रंग मात्र ओल पूर्ण वाळल्यावरच देणार आहे.