भौमितिक चित्रांचे प्रिंट्स जमवताना

भौमितिक अमूर्त चित्रांचे प्रिंट्स जमवू पाहणाऱ्याने सर्वांत आधी एक गैरसमज डोक्यातून काढून टाकावा. सपाट रंग आणि सरळ रेघा यांचे चित्र छापायला सोपे, म्हणून त्याची प्रत मूळ चित्राच्या अगदी जवळ जाते, असा तो गैरसमज आहे. डच चित्रकार पीट माँद्रियानच्या चित्रांच्या बाबतीत तो पुरता उघडा पडतो. पुस्तकात त्याचा पांढरा रंग कोरा कागद वाटतो. प्रत्यक्षात तो थरांवर थर देऊन रंगवलेला असतो, शेजारच्या दोन पांढऱ्या चौकटींत कुंचला वेगवेगळ्या दिशांनी फिरलेला दिसतो आणि काळ्या रेघांची चकाकी आजूबाजूच्या रंगांपेक्षा निराळी असते. हे सगळे छपाईत जाते. माँद्रियान १९४४ साली वारला. आपल्याकडे स्वामित्वहक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे त्याची चित्रे आता कोणीही छापू शकतो आणि 'फाइन आर्ट प्रिंट' या नावाने ती मुबलक विकली जातात. चांगल्या कॉटन कागदावर, टिकाऊ पिगमेंट शाईने काढलेली अशी प्रतिकृती भिंतीवर लावायला माझी काही हरकत नाही. फक्त तिला संग्रह म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच्या उलट टोकाला जर्मनीत जन्मलेला अमेरिकन चित्रकार योसेफ आल्बर्स आहे. 'होमेज टू द स्क्वेअर' ही चित्रमालिका त्याने १९५० मध्ये सुरू केली आणि १९७६ साली मृत्यू येईपर्यंत तो ती रंगवत राहिला. एकात एक बसवलेले तीन किंवा चार चौकोन, तेही मध्यावर न ठेवता खालच्या बाजूला सरकवलेले, एवढाच त्याचा सरंजाम. ट्यूबमधला तैलरंग तो चाकूने मेसोनाइटवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबीव फळीवर) पसरवी आणि कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला ते पाठीमागे लिहून ठेवी. त्याला हाताचा ठसा दाखवायचा नव्हता. शेजारचा रंग बदलला की तोच राखाडी हिरवट किंवा जांभळट कसा दिसू लागतो, हे दाखवायचे होते. अशा कामाला स्क्रीन प्रिंटिंग फारच मानवते, कारण प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी घेऊन, शाई स्वतंत्रपणे कालवून ती कागदावर ओढली जाते आणि ठिपक्यांच्या मिश्रणातून रंगाचा नुसता आभास निर्माण करावा लागत नाही. आपल्याकडच्या लग्नपत्रिका ज्या तंत्राने छापल्या जात, तेच हे तंत्र. मात्र इथे दोन चौकोनांच्या सीमेवर शाई केसभर जरी सरकली तरी पांढरी फट किंवा काळपट कड दिसते आणि सगळा खेळ बिघडतो. १९७२ साली आल्बर्सने 'फॉर्म्युलेशन : आर्टिक्युलेशन' हा १२७ स्क्रीन प्रिंट्सचा संच काढला, त्याच्या १००० प्रती निघाल्या. त्यातली सुटी पाने आजही बाजारात येतात. त्यांवर पेन्सिलीची सही नसते, म्हणून ती सही असलेल्या प्रिंट्सपेक्षा स्वस्त पडतात. माझ्या मते नव्या संग्राहकासाठी याहून चांगली सुरुवात नाही.

खरेदीला जाताना दहापट मोठे दाखवणारे भिंग खिशात असावे. ऑफसेटच्या छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसतात, इंकजेटमध्ये (ज्याला विक्रेते 'जिक्ले' म्हणतात) बारीक तुषार विखुरलेले दिसतात आणि सेरिग्राफमध्ये, म्हणजेच स्क्रीन प्रिंटमध्ये, रंग सलग दिसतो, त्याच्या कडेला शाईची किंचित उंचीसुद्धा जाणवते. मग खाली पेन्सिलीने ४५/१०० (शंभर प्रतींतली पंचेचाळिसावी) असा आकडा आणि सही असो वा नसो, ठिपक्यांची फुले दिसली की ती प्रतिकृती, हे ठरलेले. जिक्लेसोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्राचेही मला फारसे कौतुक नाही, कारण संगणकातल्या फाइलवरून कितीही प्रती निघू शकतात आणि 'मर्यादित आवृत्ती' हा बहुतेक वेळा विक्रेत्याने दिलेला नुसता शब्द असतो.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे, आणि मराठी संग्राहकाची गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते. नागपूरच्या कलाशाळेत आणि नंतर मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले रझा १९५० साली फ्रान्सला गेले आणि त्यांचा बिंदू, म्हणजे त्यांच्या चित्रांतले काळे वर्तुळ, पुढे घराघरांत पोहोचला, तो मुख्यतः सही केलेल्या सेरिग्राफ्समुळे. पण रझांचे वर्तुळ आल्बर्सच्या चौकोनासारखे निर्विकार नाही. काळ्या बिंदूभोवतीच्या वलयांत कुंचल्याचे फटकारे राहतात आणि केशरी रंग काठाकडे जाताना आपोआप तापल्यासारखा वाटतो. सेरिग्राफमध्ये या फटकाऱ्यांच्या जागी छटांच्या पायऱ्या येतात. पुष्कळ जाळ्या वापरून काळजीपूर्वक छापलेल्या प्रतीत त्या डोळ्यांना सहज खपतात. घाईने काढलेल्या प्रतीत वलये प्लास्टिकची वाटतात. म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवून, शक्यतो दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. मोबाइलवर फोटो पाहून रंगावर मत बनवणे तर आल्बर्सपुढे निव्वळ उद्धटपणा ठरेल.

राहता राहिली फ्रेम. आमच्या भागातल्या एका फ्रेमवाल्याचा आग्रह असे, की प्रिंट पाठीमागच्या बोर्डावर चिकटवून टाकले की पावसाळ्यात फुगत नाही. फुगत नाही हे खरे, पण ते पुन्हा कधी निघतही नाही आणि त्याची बाजारातली किंमत तिथेच संपते. कोकण-मुंबईच्या दमट हवेत कागद थोडा हलणारच. त्याला वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीने टांगावे, भोवती आम्लरहित माउंट द्यावा आणि काचेचा स्पर्श होऊ देऊ नये, नाहीतर आत साचलेल्या ओलीने काच व शाई एकमेकांना चिकटतात. बाहेरच्या भिंतीला, विशेषतः पश्चिमेकडच्या, प्रिंट लावूच नये. या सगळ्याचा खर्च कधीकधी सुट्या पानाच्या किमतीच्या बरोबरीला येतो, आणि घरचे त्यावरून बोलतात, तेही ऐकून घ्यावे लागते.