‘बायलॉजमध्ये आहे’

डोंबिवलीतल्या सात-आठ गृहनिर्माण संस्थांचे हिशेब मी लिहिते. सप्टेंबर आला की माझा एकही रविवार रिकामा जात नाही, कारण वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. अशाच एका रविवारची ही गोष्ट.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. ताळेबंद वाचून झाला आणि थकबाकीची यादी आली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं नाव सगळ्यात वर होतं. २६ महिने, दरमहा हजार रुपये नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसलेल्या घरावरचं शुल्क, शिवाय व्याज. काकू मुलाकडे नाशिकला राहतात. इथल्या घरात त्यांची लेक, जावई आणि नात. काकू सभेसाठी पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. त्या उठून एवढंच म्हणाल्या, “घरात भाडेकरू नाहीये हो, माझी मुलगी आहे.”

सेक्रेटरी म्हणाले, “काकू, मुलगी लग्न होऊन गेली. आता ती दुसऱ्या घरची. बायलॉजमध्ये आहे तसं.”

सभा गप्प झाली. बायलॉज म्हणजे सोसायटीची नियमावली, मराठीत उपविधी. हे वाक्य मी इतक्या वर्षांत किती वेळा ऐकलंय! ‘बायलॉजमध्ये बसत नाही.’ ‘बायलॉजला धरूनच केलंय.’ ‘बायलॉज काढू का?’ मराठीत या शब्दाला एकवचन उरलेलंच नाही. एक कलम असो की अख्खं पुस्तक, ते ‘बायलॉज’च. त्यामुळे कोणतं कलम, कोणत्या पानावर, हे विचारायला वाक्यात जागाच राहत नाही. उपविधी म्हटलं तर माणूस निदान ‘कुठला?’ असं विचारतो. बायलॉज म्हटलं की मान खाली जाते. काकूंचीही गेली.

मला राहवलं नाही. खरं तर तो हजाराचा आकडा दर महिन्याला मीच बिलात टाकत होते, कमिटीच्या ठरावाची प्रत समोर ठेवून. त्या घरात कोण राहतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “साहेब, कपाटातली नोंदणीकृत प्रत आणता का? आपण वाचूनच बघू.”

प्रत सापडायला वीस मिनिटं गेली. सहकार खात्याने नमुना म्हणून दिलेल्या २०१४च्या आदर्श उपविधींची होती, सहकारी संस्थांच्या सरकारी निबंधकांच्या शिक्क्यासह, इंग्रजीत. माझ्या पिशवीत मराठी पुस्तिका होती. दोन्ही शेजारी ठेवून मी आधी इंग्रजी आणि मग मराठी, असं मोठ्याने वाचत गेले.

पहिली गोष्ट रकमेची. १ ऑगस्ट २००१च्या शासन आदेशापासून हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे, फक्त सेवा शुल्काच्या, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे असल्या सामायिक खर्चाच्या वाट्याच्या. महापालिकेचा कर, सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी), दुरुस्ती निधी, हे त्यात धरायचंच नाही. त्या सोसायटीत सेवा शुल्क महिना १,४०० रुपये होतं. म्हणजे खरा भाडेकरू ठेवला असता तरी १४० रुपये. कमिटीने हजार ठरवले होते आणि ठराव एकमताने झाला होता. पण कमिटीचा ठराव उपविधींच्या वर जात नाही. उपविधी बदलायचे तर सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश जणांचा होकार लागतो आणि मग निबंधकांकडे ती दुरुस्ती नोंदवावी लागते. १९६०चा सहकारी संस्था अधिनियम, त्याखाली १९६१चे नियम, त्याखाली उपविधी आणि सगळ्यात खाली ठराव, अशी ती उतरंड आहे.

मग ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या आली. नवरा, बायको, आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, नातवंडं. मी एकेक नातं सावकाश वाचत होते. ‘मुलगी’ला काकूंनी मान वर केली. ‘जावई’ला मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “परत वाचा.” मी परत वाचलं. घरात कुटुंबातलं माणूस राहत असेल तर हे शुल्क लागतच नाही. लग्न झालेली मुलगीही त्यात येते.

सेक्रेटरींनी पुस्तिका माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली. वाईट माणूस नाही तो. आधीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, ते त्यांनी पुढे सांगितलं. त्यांच्याही आधीच्यांनी तसंच केलं असणार. शब्द तोंडातोंडी चालत आला होता आणि पुस्तक कपाटात राहिलं होतं. खरं तर कुठल्याही सभासदाला सोसायटीच्या कार्यालयात येऊन उपविधी फुकट पाहता येतात. त्या इमारतीत ते कुणी पाहिले नव्हते.

त्या रात्री मी घरी येऊन शब्दकोश उघडला. ब्रिटनमध्ये नगरपालिका किंवा रेल्वे आपल्या हद्दीपुरते जे नियम करते त्यांना बायलॉज म्हणतात, तर अमेरिकेत कंपनीच्या किंवा संस्थेच्या अंतर्गत नियमांना. आपल्याकडे दोन्ही चालतं. बिल्डिंग बायलॉज वेगळे, सोसायटीचे वेगळे. पण मला थांबवलं ते शब्दाच्या मुळाने. त्यातला ‘बाय’ म्हणजे ‘उप’ असं मी धरून चालले होते, कारण आपण भाषांतर तसंच केलंय. कोशकार मात्र त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत दाखवतात, जिथे त्याचा अर्थ गाव किंवा वस्ती. इंग्लंडमधल्या डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांच्या शेवटी तोच ‘बी’ आहे. म्हणजे बायलॉज हा मुळात गावकीचा कायदा. एका वस्तीतल्या लोकांनी एकमेकांसाठी केलेला. मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते.

सभेने काकूंचे २६,००० रुपये आणि त्यावरचं व्याज थकबाकीतून कमी करायचं ठरवलं. सोमवारी मी जमाखर्चात उलट नोंद टाकली आणि त्यांच्या बिलातली ती ओळ काढली. निघताना काकूंनी व्याख्येच्या पानाची झेरॉक्स मागून घेतली होती, घडी करून पर्समध्ये ठेवली होती.

पुढच्या महिन्यात सेक्रेटरींचा फोन आला. पाचव्या मजल्यावर एका सभासदाची बहीण राहायला येणार होती. “मॅडम,” ते म्हणाले, “ते कुटुंबाचं पान कितवं हो?”