नाकाचं दुसरं ऑपरेशन, तेही परगावी: जाणाऱ्यांसाठी सविस्तर

पहिल्या ऑपरेशननंतर माझ्या नाकाचा शेंडा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यासारखा झाला होता, पण दिसण्याचं एकवेळ सोडा, जोरात श्वास घेतला की उजवी बाजू आत ओढली जायची, रात्रभर तोंड उघडं आणि सकाळी घसा कोरडा ठाक. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचं एकच, सूज आहे, उतरेल. वर्ष उलटलं तरी तेच, म्हणून शेवटी रिव्हिजन, म्हणजे आधीच्या ऑपरेशनची दुरुस्ती, नेहमी करणाऱ्या सर्जनकडे दुसऱ्या शहरात गेले. सोबत ताई होती.

वर्षभर थांबायला बहुतेक सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, आतला व्रण मऊ व्हायला आणि खरा आकार कळायला तेवढा वेळ लागतोच. पण त्या काळात एक काम करून ठेवा, पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स मागून घ्या. नुसतं डिस्चार्ज कार्ड चालत नाही, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातलं कार्टिलेज (कूर्चा, हाडापेक्षा मऊ आणि लवचीक) किती काढलं, काही इम्प्लांट टाकलंय का, हे नोट्समध्येच असतं. आणि अगदी पहिल्या ऑपरेशनच्याही आधीचे फोटो न्या.

तपासणीत डॉक्टरांनी एक बारीक काडी नाकपुडीत घालून आतली भिंत अगदी हलकेच बाहेर ढकलली आणि म्हणाले, आता घ्या श्वास. एकदम मोकळा! मला तिथेच रडू आलं, कारण इतके दिवस "तुम्हाला उगाच वाटतंय" हेच ऐकत होते. आधार द्यायचा तर कार्टिलेज लागणार आणि पडद्यातलं तर आधीच वापरून झालेलं. मग कान किंवा बरगडी. कानाचं मऊ आणि वळणदार असतं, शेंड्याला चालतं, पण नाकाची दांडी उभी करायची असेल तर बरगडीचं लागतं. ते पुढे वाकू शकतं आणि काढताना फुफ्फुसाच्या आवरणाला क्वचित इजा होते, हे दोन्ही आधी स्पष्ट विचारून घ्या. वय जास्त असेल तर बरगडीचं कार्टिलेज कडक झालेलं असू शकतं, त्यासाठी स्कॅन सांगतात.

ॲस्पिरिन, आयब्रुफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, काय काय घेता ते सगळं सांगा. रक्त पातळ करणारं बरंचसं आधी बंद करतात, पण आपल्या मनाने काही बंद करू नका. सिगारेट मात्र काही आठवडे आधीपासून पूर्ण बंद.

खोली हॉस्पिटलजवळच घ्या आणि स्प्लिंट (नाकावर बसवलेला कडक आधार) निघेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, तिथून हलू नका. रिव्हिजनमध्ये कातडीचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, शेंडा काळानिळा पडायला लागला, रक्त थांबेना, ताप आला किंवा बरगडीनंतर धाप लागली तर ताबडतोब हॉस्पिटल गाठता आलं पाहिजे. एकट्याने जाऊच नका, पहिल्या रात्री ताई नसती तर मला उठून बसताही आलं नसतं. माझं कार्टिलेज बरगडीचं घेतलं, त्यामुळे नाकापेक्षा बरगडीच जास्त दुखली, खोकला आला की उशी छातीशी धरायचे. कपडे पुढून बटणं असलेले न्या, जास्तीच्या उशा मागा, डोकं उंच ठेवून झोपावं लागतं. तोंडाने श्वास घेऊन ओठ फाटतात, लिप बाम हवाच. शिंक आली तर तोंड उघडून, आणि नाक शिंकरायचं नाही. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवता येत नाही, चष्मेवाल्यांनी काय करायचं ते आधीच विचारा.

स्प्लिंट निघाल्यावर आरशात जे दिसतं ते तुमचं नाक नव्हे हो, नुसती सूज असते, शेंडा वर ओढलेला आणि बधिर. दुसऱ्या वेळेला सूज उतरायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, तोवर कोणी काहीही म्हणो, निकाल लावू नका. श्वासाचा फरक मात्र मला आतली सूज कमी झाल्यावर लवकर कळला.

परतीचं तिकीट डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच काढा. आणि निघायच्या आधी विचारा की पुढची तपासणी फोटोवर चालेल का, चालत असेल तर फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून, दरवेळी त्याच प्रकाशात काढा. घरी गेल्यावर अडलं तर बघायला जवळचा एखादा कान-नाक-घशाचा डॉक्टर आधीच गाठून ठेवा, दुसऱ्याने केलेलं ऑपरेशन हातात घ्यायला बरेच जण तयार होत नाहीत.