माशात साखर, आमटीत गूळ

स्वीडनमध्ये रात्री बाहेर जेवायला जाऊच नये, या मतावर मी आता ठाम आहे. एकतर खिसा मोकळा होतो, आणि लहान गावात जरा उशिरा पोचलात तर किचन बंद. मग उरतो पिझ्झा. आमच्या वाट्याला जो आला त्यावर केळ्याचे काप, शेंगदाणे आणि पिवळीधमक करी पावडर होती. हा तिथला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारा प्रकार आहे, कुणा एका आचाऱ्याचा विक्षिप्तपणा नव्हे. सोबत व्हिनेगर घातलेला बारीक चिरलेला कोबी फुकट. कोबी आम्ही संपवला. पिझ्झा पुढे सरकवत आई म्हणाली, "ह्यांना गोड कुठे थांबवायचं ते कळत नाही."

आईचं माहेर रत्नागिरीचं, सासर पुण्याचं. मासे दोन्हीकडे, पण आमटीतल्या गुळावरून आमच्या घरात जुनं भांडण आहे. त्यामुळे हा शेरा साधा नव्हता.

दादा गोथेनबर्गला असतो. तो म्हणाला, इथे जेवायचं तर दुपारी जेवा. सोमवार ते शुक्रवार अकरा ते दोन 'दागेन्स लुंच' असतो. सव्वाशे-दीडशे क्रोनांत गरम पदार्थ, सॅलड, ब्रेड, लोणी आणि वर कॉफी. साइटवरचे कामगार, ऑफिसवाले, निवृत्त आजी-आजोबा, सगळे एकाच रांगेत. ट्रे आपला आपण उचलायचा, ताट आपलं आपण नेऊन ठेवायचं. कुणी आग्रह करत नाही, आणि कुणी हाकलतही नाही. मला हा मामला फार आवडला. आईला आग्रह नसल्याचं वाईट वाटलं.

गुरुवार होता. सॅलडच्या टेबलाच्या टोकाला काचेच्या बरण्यांत हेरिंग ठेवलं होतं, आपल्या तारल्यांच्याच कुळातला मासा. रुपेरी कातडी तशीच, मध्ये लाल कांद्याच्या चकत्या, गाजर, तमालपत्र, मिऱ्यासारखे ऑलस्पाइसचे तपकिरी दाणे. आईचे डोळे चमकले. तिने चांगले चार तुकडे वाढून घेतले, एक तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत राहिली. "माशात साखर?"

हो, साखर. तीही चिमूटभर नाही. तिथल्या प्रत्येक घराला पाठ असलेलं प्रमाण म्हणजे एक-दोन-तीन: एक माप जहाल व्हिनेगर, दोन मापं साखर, तीन मापं पाणी. उकळून गार करायचं आणि खारवलेला मासा त्यात मुरवायचा. गोथेनबर्गच्या उत्तरेला बोहुसलेनचा किनारा आहे. 1747 ते 1809 या काळात तिथे हेरिंगचे असे थवे आले की खाऊन, खारवून उरलेल्या माशांचं तेल काढून दिव्यांना जाळायचे. हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग तेलच काढायचं होतं की."

शेजारच्या आजीबाईंना आमचं काय चाललंय ते बरोबर कळलं असावं. त्यांनी काही न बोलता स्वतःच्या ताटात करून दाखवलं. उकडलेला बटाटा फोडायचा, त्यावर हेरिंग, आंबटसर सायीचा गोळा, कांद्याच्या पातीसारखी बारीक चिरलेली हिरवी पात, आणि बाजूला कुरकुरीत राईचा ब्रेड. तसं खाल्लं तर साखर खरंच जागेवर बसते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आईने बटाटा खाल्ला.

गुरुवारचा खरा मान मात्र पिवळ्या वाटाण्याच्या सूपचा. ही पद्धत कॅथलिक काळातली, शुक्रवारच्या उपासाआधी पोटभर जेवण्याची. पुढे देश प्रोटेस्टंट झाला, उपास गेला, सूप राहिलं. सैन्यातसुद्धा अजून गुरुवारी हेच असतं. वाटाणे रात्रभर भिजवून, सालं सुटेपर्यंत शिजवलेले, वरून मार्जोरम किंवा थाइम. डुकराचं मांस घालतातच, पण तिथे बिनमांसाचं वेगळं पातेलं होतं. मोहरीचं वाटण ताटलीच्या काठावर घ्यायचं आणि प्रत्येक चमच्याला थोडं लावायचं, हेही आजीबाईंनीच शिकवलं. मोहरी नाकात गेली तशी आई खूश झाली. दोन वाट्या झाल्या.

आणि लगेच त्याच ट्रेवर पातळ पॅनकेक, जॅम आणि फेटलेलं क्रीम! सूपनंतर पॅनकेक हा नियमच. शिवाय सूपबरोबर कोमट 'पुन्श' घ्यायची रीत आहे. हे आरक नावाच्या आशियाई दारूपासून केलेलं गोड मद्य. 1731 मध्ये निघालेल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी पूर्वेकडून आरक आणला, तेव्हापासूनचं हे खूळ. कंपनीची जुनी इमारत आज गोथेनबर्गचं शहर संग्रहालय आहे. पुन्श मी रात्री दादाकडे चाखला. तो फक्त सरकारी दुकानातून आणावा लागतो आणि ते शनिवारी दुपारीच बंद होतं. गोडमिट्ट. एक घोट पुरे.

स्टॉकहोम पाहिलं, छान आहे, गर्दी फार. मीटबॉल्सबरोबर लिंगनबेरीचा जॅम आलाच, त्यावर आता आईने बोलणंही सोडलं होतं. परतल्यावर प्रत्येक जण विचारतो की तो कुजवलेला मासा खाल्लास का. नाही खाल्ला. तो उत्तरेकडच्या किनाऱ्याचा, ऑगस्टअखेरीस खायचा आणि डबा उघड्यावर फोडायचा. आम्ही गेलो जूनमध्ये. स्वीडन म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं याचा मला कंटाळा आलाय.

वेलदोड्याच्या बनला मात्र आईने पूर्ण मार्क दिले. पूड नव्हे, भरड कुटलेले काळे दाणे, दाताखाली येणारे. गोडाने गोडाच्या जागी असावं, हे तिचं म्हणणं तिथे पटलं.

आणखी एक गोष्ट तिला भलतीच आवडली. दादाकडे नाश्त्याला 'कालेस' नावाची निळी ट्यूब असते, वर हसरा मुलगा, आत खारवलेल्या कॉड माशाच्या अंड्यांची पेस्ट. ब्रेड, त्यावर उकडलेल्या अंड्याच्या चकत्या आणि वरून ही. आई रोज खायची आणि म्हणायची, एवढा एक पदार्थ यांनी धड ठेवलाय. निघायच्या दिवशी माझ्या भाच्याने ट्यूब उलटी करून लेबल वाचून दाखवलं, "आजी, यात पण साखर आहे."

आईने चष्मा लावला, ट्यूब हातात घेतली, त्या शब्दावर बोट ठेवून बघितलं.

"अंड्यावर चालते," ती म्हणाली, आणि दोन ट्यूबा बॅगेत टाकल्या.