दुधातल्या ज्या साखरा बाळाला पचतच नाहीत

आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल जो घन घटक सर्वाधिक असतो, तो पचवणारी विकरे बाळाच्या शरीरात नसतातच. ओलिगोसॅकराइड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, शंभराहून अधिक प्रकारच्या या शर्करा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथल्या बायफिडोबॅक्टेरियम जिवाणूंचे अन्न होतात. म्हणजे आई एकाच वेळी बाळाला आणि बाळाच्या पोटातल्या राखणदारांना पाजत असते. पोषणशास्त्रात मला याहून सुंदर व्यवस्था माहीत नाही.

हे जिवाणू रक्षण करतात तरी कसे, याचे नेमके उत्तर 2011 साली जपानी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगातून दिले. दूषित अन्नातून पसरणाऱ्या ई. कोलाय ओ157 या घातक जिवाणूचा संसर्ग दिल्यावर काही बायफिडोबॅक्टेरियम पोटात असलेले उंदीर जगले, तर त्याच कुळातले दुसरे जिवाणू असलेले उंदीर मेले. जगवणाऱ्या जिवाणूंकडे फ्रुक्टोज आत ओढून घेणारी वाहक प्रथिने होती. त्यामुळे ते आतड्याच्या शेवटच्या भागातही पुरेसे अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचेच एक रूप) तयार करत, आतड्याचे अस्तर भक्कम राही आणि ओ157 सोडत असलेले शिगा विष रक्तात उतरत नसे. फरक पडला तो वाणाचा, म्हणजे कुळातल्या नेमक्या उपप्रकाराचा, केवळ कुळाचा नव्हे.

आतड्यातली जिवाणूंची ही वस्ती पुरती बसलेली नसते तेव्हा काय होते, हे मधावरून कळते. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करू शकतात. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची किंवा मधातून गुटी देण्याची रीत मायेपोटीच आली असली, तरी पहिल्या वाढदिवसापर्यंत मध बाळाच्या ओठालाही लावू नये, असे मी प्रत्येक आजीला हात जोडून सांगेन.

बाहेरून जिवाणू देऊन काय साधते, याचा सर्वांत मोलाचा पुरावा ओडिशाच्या खेड्यांतला आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने 4,556 नवजात बाळांवर केलेली ही चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला लॅक्टोबॅसिलस प्लांटेरमचा ठरावीक वाण आणि त्याला पोसणारी शर्करा सात दिवस देण्यात आली, तेव्हा जंतुदोष (सेप्सिस) किंवा मृत्यू यांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. मात्र ही बाळे पुरेशा वजनाची, स्तनपान सुरू झालेली होती, आणि चाचणी उंदरांच्या प्रयोगासारखी अन्नातून होणाऱ्या संसर्गाची नव्हे, तर जंतुदोषाची होती.

म्हणूनच औषधाच्या दुकानातली कोणतीही प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंची) पुडी म्हणजे ओडिशातले औषध, असे समजणे धोक्याचे आहे. अकाली जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत तर अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2023 मध्ये स्पष्ट इशारा दिला, कारण पोटात दिलेलाच जिवाणू रक्तात शिरून एक बाळ दगावले होते. पुडीवर वाणाचे पूर्ण नाव आहे का हे पाहावे आणि बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती फोडू नये. पावडरचे दूध द्यावेच लागत असेल, तर ते किमान 70 अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात कालवून, बाळाला सोसेल इतके निववून लगेच पाजावे. क्रोनोबॅक्टर हा कोरड्या पावडरीतही तग धरणारा जिवाणू त्या उष्णतेने मरतो. बाटलीत उरलेले दूध पुढच्या वेळेसाठी ठेवू नये.