विहिरीतलं पोहणं आणि बाभळीचा काटा

आपल्याला पोहता येतं, या भ्रमात मी होतो. लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलो. पहिल्या ट्रायथलॉनसाठी (आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, सगळं सलग) धुळ्यात जलतरण तलावात उतरलो आणि 50 मीटरमध्येच धाप लागली. विहिरीत आपण मुंडकं वर ठेवून पोहतो ना, तिथेच घोळ. मुंडकं वर गेलं की पाय खाली जातात, आणि सगळा जोर पाण्याशी भांडण्यात संपतो. तोंड पाण्यात ठेवून बुडबुडे सोडत राहा, श्वासाला फक्त कडेला वळा. एवढ्याशा गोष्टीला मला तीन आठवडे लागले. ट्रायथलॉनच्या स्प्रिंट (कमी अंतराच्या) प्रकारात 750 मीटर पोहायचं असतं, म्हणजे 25 मीटरच्या तलावात इकडून तिकडे 30 वेळा.

सायकल लाखाची नको. 20 किलोमीटरला माझी जुनी हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली) पुरली. सीटची उंची तेवढी बघा: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. आणि आपल्याकडचे बाभळीचे काटे! लळिंगकडे एकदा पंक्चर झालं, ट्यूब बदलली, दहा मिनिटांत परत फुस्स. टायरच्या आतून बोट फिरवलंच नव्हतं. काट्याचं टोक तिथेच रुतून बसलेलं.

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही, हा नियम आहे. मग 5 किलोमीटर धावणं. सुरुवातीला पाय लाकडाचे होतात, चालायचंच.

आदल्या रात्री शेवभाजी खाऊ नका. मी खाल्ली होती.